घर भाड्याने देणाऱ्याची कर्तव्ये : रामपायलीपासून गोमंतकापर्यंत

बालाघाट जिल्ह्यात चंदन नदीच्या काठी रामपायली हे गाव वसले आहे. तेथील श्रीरामाच्या मंदिरामुळे ते मराठी मुलखाच्या पूर्व टोकास प्रसिद्धी पावले असून कार्तिकी पौर्णिमेस तेथे यात्रा भरते. यात्रेकरूस रात्रीपुरती ओसरी मोकळी करून देणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले जाते. परंतु त्याच घरातील दोन खोल्या एखाद्या शिक्षकास अथवा दुकानदारास दरमहा भाड्याने दिल्या, की दान संपते आणि व्यवहार सुरू होतो. या व्यवहारात बिऱ्हाडकरूने काय द्यावयाचे हे सर्वांस ठाऊक असते. घरमालकाने भाड्याच्या मोबदल्यात काय द्यावयाचे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. त्या विचाराचा इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विचार आपणांस इंग्रजांनी शिकविला, असा समज आहे. तो खरा नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घरभाड्याचे नियम आढळतात. मनाई केल्यावरही घरात राहणारा भाडेकरू आणि भाडे देणाऱ्यास घराबाहेर काढणारा मालक, असे दोघेही तेथे दंडास पात्र ठरविले आहेत. मारहाण, चोरी, अनाचार अशा कारणांचा अपवाद तेवढा केला आहे. नारदस्मृती आणखी एक पाऊल पुढे जाते. परक्याच्या भूमीवर भाडे देऊन स्वतः घर बांधून राहणाऱ्याने ती भूमी सोडताना आपले गवत, लाकूड व विटा घेऊन जाव्यात, असे ती सांगते. जमीन एकाची असली तरी तिच्यावरील श्रम दुसऱ्याचे असू शकतात, ही जाणीव त्यात आहे.

अर्वाचीन काळात या संबंधास लेखी रूप मिळाले ते 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने. गंमत अशी, की हा कायदा प्रथम मुंबई इलाख्यास लागू नव्हता. तेथे तो 1893 मध्ये आला. मध्यप्रांतात मात्र तो आरंभापासून होता. म्हणजे या एका बाबतीत बालाघाटकडचा घरमालक पुणेकराच्या आधी दहा वर्षे कायद्याने बांधला गेला!

त्या कायद्याने मालकावर तीन मुख्य कर्तव्ये ठेविली. पहिले, घरातील गुप्त दोष सांगणे. उन्हाळ्यात घर दाखविले आणि पावसाळ्यात मागील भिंत ओल धरून फुगते हे ठाऊक असूनही मालक गप्प राहिला, तर ते त्याचे कर्तव्यच्युत होणे होय. दुसरे, भाडेकरूने मागताच घराचा ताबा देणे. तिसरे, भाडेकरू भाडे देत आहे व आपल्या अटी पाळीत आहे तोवर त्याच्या वास्तव्यात व्यत्यय येऊ न देणे. महिन्याच्या कराराने राहणाऱ्यास घर सोडावयास सांगण्यापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस हवी, असेही ठरले. परंतु डागडुजीविषयी हा कायदा उदासीन होता. करारात तसे ठरले असेल तरच ते ओझे मालकावर पडे. नाहीतर गळत्या कौलांखाली भाडेकरूने आपले भांडे आपणच ठेवावे!

ही उणीव महायुद्धांच्या काळात शहरांत उघडी पडली. घरे थोडी आणि माणसे फार, अशा स्थितीत मुंबईत 1918 साली पहिला भाडेनियंत्रण कायदा झाला आणि पुढे 1947 चा सुप्रसिद्ध कायदा आला. प्रमाणभाड्याहून अधिक घेऊ नये, पागडी घेऊ नये, भाड्याची पावती द्यावी, पाणी व दिवाबत्ती तोडू नये, आणि घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवावे, ही मालकाची कर्तव्ये त्याने पक्की केली. इकडे मध्यप्रांत व वऱ्हाडात 1946 चा कायदा व त्याखालील 1949 चा आदेश निघाला. त्याचे वैशिष्ट्य असे, की भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी मालकास नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. आधी परवानगी, मग नोटीस, मग दिवाणी दावा, असा तो लांबचा मार्ग होता.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर, भंडारा आदी जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. सोयरीक आणि यात्रा पूर्ववत् चालू राहिल्या, पण घराचा कायदा दुभंगला. मध्यप्रदेशाने 1961 साली स्वतंत्र कायदा केला. तो आरंभी नेमून दिलेल्या क्षेत्रांपुरताच होता. विदर्भात मात्र जुन्या प्रांताचा 1949 चा आदेश पुढे अर्धे शतक टिकला. महाराष्ट्राचा 1999 चा कायदा 31 मार्च 2000 रोजी अमलात आला, तेव्हाच तो संपला. या नव्या कायद्याने भाडेकरार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी स्पष्टपणे मालकावर टाकली. गोमंतकात 1968 मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा झाला, आणि 1975 मध्ये भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारास संरक्षण मिळाले. नारदाने विटा-लाकडापुरता मान्य केलेला हक्क येथे राहत्या जागेपर्यंत पोहोचला, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. मुंबईच्या कायद्यात अनेक घरांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधली गेली. चुना, लाकूड, मजुरी सारे महागले. भाडे तेथेच राहिले. कर्तव्य वाढले आणि ते पार पाडण्याचे साधन आटले. जुन्या चाळी मोडकळीस आल्या, तेव्हा 1969 साली शासनास दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळाचा कायदा करावा लागला. अखेर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असा निर्वाळा दिला. दुरुस्तीची जबाबदारी टिकावी असे वाटत असेल, तर दुरुस्ती निघेल इतके भाडेही मालकास मिळाले पाहिजे, हा या साऱ्या इतिहासाचा धडा आहे.

आता आमच्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. पुष्कळ देवस्थाने स्वतः घरमालक आहेत. मध्यप्रदेशाच्या 1961 च्या कायद्याने धार्मिक संस्थांच्या घरांना सूट देण्याचा अधिकार शासनास दिला; मात्र त्या घरांचे सर्व उत्पन्न संस्थेच्याच कार्यासाठी खर्च व्हावे, ही अट घातली. मुंबईच्या 1950 च्या व मध्यप्रदेशाच्या 1951 च्या सार्वजनिक न्यास कायद्यांनीही विश्वस्तांचे हात बांधले : तीन वर्षांहून अधिक मुदतीने घर भाड्याने देणे असल्यास पूर्वपरवानगी हवी. देवाच्या घरांचा कारभार कोणा विश्वस्ताच्या मर्जीवर चालू नये, हा त्यामागील हेतू उघड आहे.

परंतु सूट मिळाली म्हणून देवस्थानाची सर्व जबाबदारी सुटली, असे आम्हांस वाटत नाही. देवाच्या नावाने पावती फाडणाऱ्याने देवाच्या घरात राहणाऱ्याचे छप्पर पाहावे, नळ पाहावा, आणि घर हवे झाल्यास त्यास वेळेवर व लेखी सांगावे. कार्तिकी पौर्णिमेस अनोळखी यात्रेकरूस आपण ओसरी देतो. वर्षभर भाडे देणाऱ्या बिऱ्हाडकरूस त्याहून कमी आदराने वागविणे आपल्या परंपरेस शोभणारे नाही.