विमान उतरवणारा झोत

वर्गात मान फिरवणारा टेबल पंखा असेल तर एक प्रयोग करून पाहता येतो. पंख्यासमोर मुलांना अर्धवर्तुळात बसवावे आणि डोळे मिटायला सांगावे. पंखा अगदी डाव्या टोकाला आला की शिक्षकांनी 'सुरू' म्हणावे. प्रत्येकाच्या अंगावरून वाऱ्याची झुळूक एकदा जाते आणि थोड्या वेळाने परत येते. या दोन झुळुकांमध्ये किती अंक मोजून झाले ते मुलांनी सांगायचे. डावीकडच्या मुलाचे अंक सर्वांत जास्त भरतील, उजवीकडच्याचे सर्वांत कमी आणि मधल्याचे मध्यम. म्हणजे डोळे न उघडताही आपण कुठे बसलो आहोत हे केवळ वेळ मोजून कळते. सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने विमान धावपट्टीवर आणणाऱ्या प्रणालीचे सारे तत्त्व एवढेच आहे. मात्र ते तेथवर पोचले कसे आणि पुढे त्याचे काय झाले, ही हकीकत तत्त्वाइतकी सरळ नाही.

तिच्या आधीची प्रणाली म्हणजे आयएलएस. तिची मूळ कल्पना १९३० च्या दशकातली. २६ जानेवारी १९३८ रोजी वॉशिंग्टनहून पिट्सबर्गला जाणारे एक प्रवासी विमान हिमवादळात या प्रणालीच्या आधारे उतरले. हिच्यात धावपट्टीच्या मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना दोन रेडिओ झोत सोडलेले असतात. एकावर ९० हर्ट्झचा स्वर चढवलेला असतो, दुसऱ्यावर १५० हर्ट्झचा. दोन्ही स्वर सारखे भरले की विमान बरोबर मध्यरेषेवर आहे असे समजावे. अशीच दुसरी जोडी साधारण ३ अंशांचा उतार दाखवते.

प्रणाली भक्कम, पण तिचे दुखणे तिच्या लहरींच्या लांबीत आहे. दिशा दाखवणारा भाग ११० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणजे तरंगलांबी सुमारे २.७ मीटर. झोत किती अरुंद होईल हे अँटेनाची रुंदी तरंगलांबीच्या किती पट आहे यावर ठरते. एक अंशाचा झोत हवा तर ही रुंदी तरंगलांबीच्या साधारण ५७ पट लागते, म्हणजे येथे दीडशे मीटरहून जास्त! साहजिकच झोत रुंद राहतात, आजूबाजूच्या इमारतींवर किंवा उभ्या विमानांवर आपटून परततात आणि मार्ग वाकडा होतो. उताराचा मार्ग तर जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या लहरींच्या मदतीनेच घडतो, त्यामुळे समोरची जमीन सपाट असावी लागते. ती डोंगराळ असली किंवा तिच्यावर बर्फ साचला की पंचाईत. शिवाय वाट एकच आणि सरळ, वाहिन्या फक्त ४०.

आता हाच हिशोब ५००० मेगाहर्ट्झला करू. तरंगलांबी ६ सेंटिमीटर, म्हणजे एक अंशाच्या झोताला साडेतीन मीटरचा अँटेना पुरे. अमेरिकेत १९६७ मध्ये एका समितीने नव्या प्रणालीचा अभ्यास हाती घेतला आणि १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने सदस्य देशांकडून प्रस्ताव मागवले. ब्रिटनने डॉप्लर परिणामावर भर दिला. अँटेनांची एक रांग घेऊन ते एकापाठोपाठ एक चालू करायचे. त्यामुळे प्रक्षेपक जणू धावतो आहे असे वाटते आणि विमान कोणत्या कोनात आहे त्यानुसार वारंवारतेत फरक पडतो. कल्पना मोठी सुंदर होती.

ऑस्ट्रेलियाचा प्रस्ताव मात्र एका अनपेक्षित दिशेने आला. पॉल वाइल्ड हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात रडार अधिकारी होते, पुढे सूर्याच्या रेडिओ उद्रेकांचा अभ्यास करत राहिले. कल्गूरा येथे ३ किलोमीटर व्यासाच्या वर्तुळावर ९६ अँटेना मांडून सूर्याची रेडिओ चित्रे घेणारी वेधशाळा त्यांनी १९६७ मध्ये उभी केली. अनेक अँटेनांकडून एक झोत हवा तसा वळवणे हा त्यांच्या हातचा मळ होता. सूर्य पाहणाऱ्या माणसाचे विमानतळाशी काय काम, असे कुणालाही वाटले असते. पण त्यांच्या गटाने 'इंटरस्कॅन' या नावाने फिरत्या झोताची प्रणाली मांडली आणि अमेरिकेनेही तेच तत्त्व उचलून धरले.

या प्रणालीत अँटेना जागचा हलत नाही. त्याच्या घटकांना मिळणाऱ्या विद्युतसंकेतांच्या कला बदलत नेल्या की झोत आपोआप फिरतो, सेकंदाला २०,००० अंश या वेगाने. आधी एक सांकेतिक संदेश जातो, तेच आपले 'सुरू'. मग झोत एका बाजूकडून दुसरीकडे जातो आणि परततो. मध्यरेषेवरील विमानाला दोन स्पंदांमध्ये ६८०० मायक्रोसेकंदांचे अंतर मिळते. एक अंश बाजूला सरकले की एका फेरीत ५० आणि जाऊन-येऊन १०० मायक्रोसेकंदांचा फरक पडतो. म्हणून ५८०० मायक्रोसेकंद आले तर विमान १० अंश एका बाजूला, ७८०० आले तर १० अंश दुसऱ्या बाजूला. एका मायक्रोसेकंदाची अचूकता साधली तर कोन अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत कळतो. १० किलोमीटरवरून हे अंतर जेमतेम पावणेदोन मीटर भरते. उभ्या दिशेत फिरणारा दुसरा झोत उंचीचा कोन देतो आणि विमानापर्यंतचे अंतर मोजायला वेगळे उपकरण असते. विमान धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना ४० अंशांपर्यंत कुठेही असले तरी त्याला आपली जागा कळते, त्यामुळे वळणाच्या वाटेनेही उतरता येते. वाहिन्या २००.

एप्रिल १९७८ मध्ये माँट्रिऑल येथे मतदान झाले. तुलनेसाठी केलेल्या संगणकीय गणितांवर ब्रिटिशांनी जोरदार आक्षेप घेतले होते, तरी फिरत्या झोताला ३९ आणि विरोधात २४ मते पडली. १ जानेवारी १९९८ पासून आंतरराष्ट्रीय विमानतळांवर हीच प्रणाली चालेल असे पुढे ठरले.

तसे झाले नाही. जमिनीवर यंत्रे नाहीत म्हणून विमान कंपन्या विमानात संग्राहक बसवेनात, आणि विमानांत संग्राहक नाहीत म्हणून विमानतळ खर्च करेनात. दरम्यान आयएलएसमध्ये सुधारणा होत गेल्या आणि उपग्रहांवरची जीपीएस प्रणाली पुढे आली. अमेरिकेने १९९४ मध्ये अंग काढून घेतले आणि १९९५ मध्ये १९९८ ची सक्तीही मागे घेण्यात आली. आमच्या मते येथे घाई झाली. नुसत्या जीपीएसने दाट धुक्यात विमान टेकवता येत नाही, त्याला जमिनीवरून किंवा उपग्रहांवरून दुरुस्त्या पुरवाव्या लागतात. भारताच्या 'गगन' प्रणालीलाही अशा दुरुस्त्यांसाठीचे उभ्या मार्गदर्शनाचे प्रमाणपत्र २०१५ मध्ये मिळाले. दाट धुक्यातील अवतरणासाठी आजही बहुतेक ठिकाणी भिस्त आहे ती १९३० च्या दशकातील त्या दोन स्वरांवरच.

सूक्ष्मलहरींची प्रणाली अगदीच वाया गेली असे मात्र नाही. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर धुक्यात आयएलएसचा मार्ग जमिनीवरील विमानांनी बिघडू नये म्हणून दोन अवतरणांमध्ये जास्त अंतर ठेवावे लागे. तेथे २००९ पासून काही वर्षे ही प्रणाली वापरात होती. अमेरिकेची अवकाशयाने २०११ मधील शेवटच्या उड्डाणापर्यंत अशाच फिरत्या झोताच्या, पण १५ गिगाहर्ट्झच्या पलीकडच्या प्रणालीने उतरत. आणि ५०३० ते ५०९१ मेगाहर्ट्झचा जो पट्टा तिच्यासाठी राखून ठेवला होता, तो २०१२ च्या जागतिक रेडिओ परिषदेने मानवरहित विमानांच्या नियंत्रणासाठीही खुला केला.