धाब्यावरची खारी माती

दर्यापूरच्या जुन्या वस्तीतलं आजीचं घर धाब्याचं होतं. सागवानी खांब, त्यांवर तुळया, वर लाकडाच्या चिपा आणि त्यांवर पांढऱ्या खाऱ्या मातीचा जाड थर. मिरग लागायच्या आधी नवी माती टाकून ती ठोकून बसवायची. पाऊस अडतो कसा, असं विचारलं की आजी म्हणायची, "जे माती वावरात पाणी मुरू देत नाई, ते धाबं कसं गयू देईन?"

पूर्णेचं खोरं म्हणजे खारपाणपट्टा. इथल्या मातीत सोडियम जास्त. ओल लागली की तिचे कण फुगतात, सुटे होऊन पसरतात आणि छिद्रं बुजवून टाकतात. शेतात त्यानं मुळं गुदमरतात. वऱ्हाडी माणसानं जमिनीचा तोच दोष डोक्यावर घेतला आणि त्याचं छप्पर केलं! खाली हातभर रुंदीच्या मातीच्या भिंती. वैशाखात आजीच्या माजघरात पंख्याची आठवणही होत नसे.

आजी घराचं सांगायची; आबाजींच्या गोष्टी मात्र शकुंतला या छोट्या आगगाडीच्या. मूर्तिजापूर ते अचलपूर, 76 किलोमीटर, अडीच फुटी रूळ. मूळ मालकी किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीची. ती टाकली कापसासाठी. आमचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढून मुंबईमार्गे विलायतेच्या गिरण्यांकडे जावा, हा हेतू; आणि तिचं वाफेचं इंजिनही 1921 साली घडलं ते गिरण्यांच्या मँचेस्टरलाच. ते 1994पर्यंत धावलं. "चालत्या गाडीतून उतराचं, हरबऱ्याचे डहाळे उपटाचे अन् धावत जाऊन पुना चढाचं," आबाजी सांगत. आता गाडी बंद आहे.

दर्यापूरजवळच लासूरला आनंदेश्वराचं काळ्या दगडाचं यादवकालीन देऊळ आहे. त्याला पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. मातीच्या घरांना मात्र कोणी वाली नाही. धाबं गळायला लागलं की टिनपत्रे येतात, गढ्यांची पांढरी माती ट्रॉलीत भरून जाते. मला हे सहन होत नाही. ही घरं राजानं नव्हे, कुणब्यानं आणि सुतारानं याच जमिनीचा स्वभाव ओळखून उभी केली. निदान उभी आहेत त्यांची मापं घ्यायला हवीत. माती कोणत्या नाल्याची आणायची, थर किती द्यायचा, उतार कुठे ठेवायचा, हे धाबं घातलेल्या म्हाताऱ्यांकडून या उन्हाळ्यातच उतरवून घ्यायला हवं.