पिंगपासून धुरापर्यंत

मागच्या वेळी आपण नेटवर्क जोडलं कसं गेलं ते पाहिलं. आज जरा वेगळा प्रश्न घेऊ: ते किती वेळात उत्तर देतं, हे आपण मोजायला कधी लागलो? कारण पडद्यावर हिरवा दिवा असतो, आणि फोनवर माणूस सांगत असतो, "साहेब, उघडतच नाही."

डिसेंबर १९८३. अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेत माइक म्यूस यांनी एका रात्रीत 'पिंग' लिहिलं. नाव पाणबुडीच्या सोनारवरून. हाक मारायची, प्रतिसाद किती मिलिसेकंदांत आला ते बघायचं. म्यूस यांनीच सांगितलेला किस्सा आहे: एका प्रशासकाने पिंगला बोलणाऱ्या प्रोग्रॅमची जोड दिली, आवाज स्टिरिओवर मोठा केला आणि इमारतभर केबलचे जोड हलवत फिरला. "पिंग, पिंग" थांबलं की सापडला बिघाड! पहिला डॅशबोर्ड म्हणायचा तर आम्ही यालाच म्हणू.

पण खरा धडा १९८६ च्या ऑक्टोबरचा. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ, अंतर अवघं ४०० यार्ड. तिथला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. हजार नव्हे, नुसते ४०! झालं असं, की पोच यायला उशीर झाला की संगणक समजायचा, पाकीट हरवलं. मग तेच परत पाठवायचा. गर्दीत आणखी गर्दी. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या निबंधात जे उपाय मांडले, त्यातला एक आपल्या कामाचा आहे: थांबायचं किती हे ठरवताना सरासरी वेळ पुरत नाही, तो किती खालीवर होतो तेही धरायला हवं.

संगणकांना हे शिकवलं. आलेख बघणाऱ्या माणसांना मात्र वेळ लागला. १९९५ मध्ये टोबियास ओटिकर यांचं एमआरटीजी आलं. लेस्टरच्या डी माँटफर्ट विद्यापीठात हजारावर संगणकांना मिळून ६४ किलोबिटची एकच लाइन, तिच्यावरचा भार वेबवर दिसू लागला. भार दिसला, विलंब नाही.

तो दिसला त्यांच्याच स्मोकपिंगमध्ये. दर पाच मिनिटांनी वीस हाका. मधल्या मूल्याची रेघ, आणि बाकीची मूल्यं तिच्याभोवती करड्या धुरासारखी. समजा एकोणीस उत्तरं २० मिलिसेकंदांत आली आणि एक २ सेकंदांनी. सरासरी ११९, म्हणजे जी कुणाच्याच वाट्याला आली नाही! धुरात ते एक उत्तर वर उठून दिसतं.

आता कुणी म्हणेल, विसात एक, शंभरात एक, त्याचं काय एवढं? २०१३ मध्ये गूगलच्या जेफ डीन आणि लुईझ बारोसो यांनी याचा हिशेब मांडला. एक पान उघडायला शंभर सर्व्हरांची उत्तरं लागत असतील आणि प्रत्येक सर्व्हर शंभरात एकदाच रेंगाळत असेल, तरी शंभरातली ६३ पानं रेंगाळतात.