एकच नाव, दोन प्रती : फाइल-समन्वयाच्या मर्यादांचा ऐतिहासिक विचार

एकाच लेखाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवल्या आणि दोहींत स्वतंत्रपणे फेरफार झाले, तर ग्राह्य प्रत कोणती? पाठचिकित्सकाला हा प्रश्न नवा नाही. संगणकाच्या क्षेत्रात तो फाइल-समन्वयकांनी, म्हणजे निरनिराळ्या संगणकांवरील फाइली परस्परांशी जुळत्या ठेवणाऱ्या साधनांनी, पुन्हा उभा केला. या साधनांचे ज्ञात दोष तंत्रज्ञांच्या स्वाधीन करण्याची आपली प्रथा आहे. परंतु त्यांतील महत्त्वाचे दोष वस्तुतः 'नंतरचे' आणि 'समान' या दोन शब्दांच्या अर्थाविषयीचे आहेत, असे येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम 'नंतरचे' हा शब्द घेऊ. फाइलीवरील वेळेची नोंद हा पौर्वापर्याचा सर्वांत सुलभ पुरावा होय. परंतु दोन संगणकांची घड्याळे तंतोतंत जुळतातच असे नाही; शिवाय जुन्या फॅट पद्धतीत फेरफाराची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यांनीच नोंदली जाते. याहून मूलगामी अडचण लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये दाखविली. परस्परांशी संपर्क नसताना दोन ठिकाणी घडलेल्या घटनांस संदेशांच्या आधारे पूर्वापर क्रम लावता येत नाही. १९८३ मध्ये डी. स्टॉट पार्कर आणि त्यांचे सहकारी यांनी प्रत्येक स्थळाच्या फेरफारांची पृथक् गणना ठेवण्याची रीत मांडली. तिच्या योगे विरोध ओळखता येतो. त्याचा निवाडा करता येत नाही. १९९८ मध्ये एस. बालसुब्रमण्यम् व बेंजामिन पिअर्स यांनी समन्वयकाची व्याख्याच तपासली, तेव्हा विरोध असेल तेथे हात न लावणे हेच धोरण त्यांनी ग्राह्य मानले. २००८ मध्ये लोकांपुढे आलेला ड्रॉपबॉक्सही अशा प्रसंगी दुसरी प्रत वेगळ्या नावाने शेजारी ठेवतो. विष्णु सीताराम सुखठणकरांनी १९२५ पासून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पाठभेदांतून निवड केली, ती कारणे देऊन. यंत्रापाशी कारणे नसतात. म्हणून ते दोन्ही पाठ ठेवते. यास दोष न म्हणता प्रामाणिकपणा म्हणणे अधिक युक्त होय.

'समान' या शब्दाची गोष्ट आपल्या लिपीला अधिक निकटची आहे. 'दऱ्या' या शब्दातील 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एका स्वतंत्र चिन्हाने, किंवा 'र' व नुक्ता मिळून. युनिकोडच्या नियमांनुसार ही रूपे समान होत. १९९८ मध्ये आलेल्या मॅकच्या एचएफएस प्लस पद्धतीत नावे विघटित रूपात साठविली जात; लिनक्सवर सामान्यतः दिलेले बाइट जसेच्या तसे राहतात. परिणामी डोळ्यांस एकच दिसणारे नाव दोन फाइलींचे ठरू शके. २०१७ च्या एपीएफएसने लिहिलेले रूप कायम ठेवून दोहोंस समान मानले. तथापि दोन भिन्न पद्धतींमधील तंटा त्यामुळे मिटला नाही.

लांबीचीही गोष्ट तशीच. लिनक्सच्या एक्स्ट४ पद्धतीत नावास २५५ बाइटांची मर्यादा आहे. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात आणि काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे होत. म्हणजे ८५ चिन्हांतच नाव संपते. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये मात्र अशी २५५ चिन्हे मावतात. बोलीच्या ध्वनिमुद्रणास गाव, निवेदक, विषय व दिनांक यांसह सविस्तर नाव देणाऱ्या संशोधकाची फाइल एका यंत्रावर राहते आणि दुसऱ्यावर पोहोचत नाही.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. समन्वय म्हणजे जतन नव्हे. समन्वयक जसा नवा मजकूर सर्वत्र नेतो, तसेच चुकून केलेले विलोपनही नेतो. ज्या निवेदकांचा आवाज पुन्हा मिळणार नाही, त्यांच्या मुद्रणांची एक प्रत समन्वयाच्या कक्षेबाहेर असणे अवश्य आहे. आणि शेजारी उमटलेली दुसरी प्रत पुसण्यापूर्वी ती वाचणे, हे तर संपादकाचे पहिले कर्तव्यच होय.