न्यूट्रॉन ताऱ्याचा झोत : उडी चौपट, सावधगिरीही चौपट

नांदुरा : आठवडेच्या आठवडे खर्चून हजारो प्रकाशवर्षांचा पल्ला गाठावा, वाटेत शेकडो ग्रहांच्या नोंदी गोळा कराव्यात आणि एका ताऱ्याजवळ क्षणभर चूक होऊन यानासह सारे काही नष्ट व्हावे, असा प्रसंग 'एलिट डेंजरस' या संगणकीय खेळात अनेकांवर येतो. न विकलेल्या नोंदी यान फुटले की परत मिळत नाहीत. या अपघातांचे एक नेहमीचे ठिकाण म्हणजे न्यूट्रॉन तारा. मात्र लांबच्या प्रवासात सर्वाधिक वेळ वाचवणाराही हाच तारा असल्याने त्याचा सुरक्षित वापर समजून घेणे अगत्याचे ठरते.

ब्रिटनमधील केंब्रिज येथील फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने हा खेळ डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणला. त्यात आपली आकाशगंगा सुमारे ४०० अब्ज ताऱ्यांसह उभी केली आहे. सूर्यापासून तिच्या केंद्राचे अंतर जवळपास २५,९०० प्रकाशवर्षे आहे. एका उडीत ५० प्रकाशवर्षे जाणाऱ्या यानाला त्यासाठी ५०० हून अधिक उड्या लागतात.

झोतातून मिळणारे बळ

न्यूट्रॉन ताऱ्याच्या दोन ध्रुवांमधून निघणाऱ्या झोतात यान शिरले की त्याची 'फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह' ही यंत्रणा भारित होते आणि पुढील एका उडीचा पल्ला चौपट होतो. ५० प्रकाशवर्षांची उडी २०० वर जाते, इंधन मात्र साध्या उडीइतकेच लागते. ही सोय २०१६ मध्ये खेळात आली. श्वेत बटू ताऱ्याच्या झोतातूनही बळ मिळते, पण पल्ला केवळ दीडपट होतो. शिवाय त्याचा झोत आखूड असल्याने यान ताऱ्याच्या फार जवळ जाते. थोड्या लाभासाठी हा धोका पत्करू नये.

झोतात शिरताना

ताऱ्यापाशी पोहोचताच प्रथम वेग शून्यावर आणावा. झोत कोणत्या दिशेने पसरले आहेत आणि कसे फिरत आहेत, हे शांतपणे पाहावे. नंतर ताऱ्यापासून बाजूला सरकून झोताच्या शेवटच्या टोकाकडे जावे. मुळाकडून, म्हणजे ताऱ्याजवळून, कधीही शिरू नये. यानाचे नाक ताऱ्याकडे नव्हे, तर बाहेरच्या दिशेला असावे.

आत शिरताच यान हेलकावे खाऊ लागते. घाबरून सुकाणू जोराने फिरवल्यास ते अधिकच भरकटते. वेग कमी पण स्थिर ठेवून नाक हळूहळू सावरावे. यंत्रणा भारित झाल्याची सूचना पडद्यावर दिसताच सरळ बाहेर पडावे आणि मगच पुढील उडी घ्यावी. प्रत्येक ताऱ्याभोवती एक वर्जित क्षेत्र असते. त्यात शिरल्यास यान 'सुपरक्रूझ' या वेगवान अवस्थेतून झटक्याने बाहेर फेकले जाते. हे झोतातच घडले, तर ड्राइव्ह थंड होईपर्यंत यान मारा सोसत राहते. अशा वेळी नाक ताऱ्याच्या विरुद्ध दिशेला धरून निघण्याचा प्रयत्न करणे एवढेच हाती उरते.

खेळ एकट्याने खेळतानाही इंटरनेट लागते. त्यामुळे वीज किंवा जोडणी जाण्याची शक्यता असल्यास झोतात शिरणे पुढे ढकलावे.

इंधन आणि दुरुस्तीचा हिशेब

न्यूट्रॉन ताऱ्यापासून वेग मिळतो, इंधन मिळत नाही. 'फ्युएल स्कूप' केवळ ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम या वर्गांच्या ताऱ्यांजवळ चालतो. महामार्गावर पुढचा पंप कुठे आहे हे पाहूनच निघावे, तसे टाकी निम्मी होताच या वर्गातील तारा मार्गात घ्यावा. इंधन संपून अडकलेल्यांना मदत करणारा 'फ्युएल रॅट्स' हा खेळाडूंचा गट आहे, तथापि त्यांच्यावर विसंबून प्रवास आखणे शहाणपणाचे नव्हे.

प्रत्येक वेळी भारित होताना ड्राइव्हची थोडी झीज होते, सुमारे एक टक्का. झीज वाढली की यंत्रणा दगा देऊ लागते. त्यामुळे यानावर स्वयंचलित दुरुस्ती यंत्र असावे आणि शक्य तर दोन असावीत, कारण ते यंत्र स्वतःची दुरुस्ती करू शकत नाही. दुरुस्तीसाठी ताऱ्यापासून दूर, साध्या अवकाशात थांबावे.

खरा तारा कसा असतो?

खरा न्यूट्रॉन तारा सूर्याहून अधिक वस्तुमान अवघ्या २० ते २५ किलोमीटर व्यासात कोंबून असतो. नांदुऱ्याहून खामगावला जाण्याइतकेच जवळपास हे अंतर. त्याच्या चुंबकीय ध्रुवांमधून निघणारे रेडिओ झोत दीपगृहाच्या प्रकाशासारखे फिरतात आणि पृथ्वीवर त्यांचे ठोके ऐकू येतात. अशा स्पंदक ताऱ्याचा पहिला शोध १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांनी केंब्रिज येथेच लावला. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची 'जीएमआरटी' ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. तिच्या साहाय्याने २००४ मध्ये एनजीसी १८५१ या तारकागुच्छात सेकंदाला सुमारे २०० वेळा फिरणारा एक स्पंदक सापडला.

झोतातून इंजिन भारित होणे ही अर्थातच कल्पना आहे. तरीही ताऱ्यांकडून वेग घेण्याचा विचार निव्वळ खेळकर्त्यांचा नाही. एकमेकांभोवती वेगाने फिरणाऱ्या जोडताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणातून यानाला वेग देता येईल, असे फ्रीमन डायसन यांनी १९६३ मध्ये मांडले होते. १९७७ मध्ये निघालेल्या व्हॉयेजर यानांनी ग्रहांच्या बाबतीत हे तत्त्व प्रत्यक्षात वापरले. तेथेही यान ग्रहाच्या किती जवळून आणि कोणत्या बाजूने न्यायचे, हे आधीच काटेकोर ठरवावे लागले. संगणकाच्या पडद्यावरील यानालाही हाच नियम लागू पडतो. झोतात शिरण्यापूर्वी बाहेर पडण्याची वाट ठरलेली असावी.