मराठी ख्रिस्ती परंपरा : इतिहास, सण आणि दैनंदिन जीवन
(मराठवाड्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास बहुधा दोन प्रश्नांभोवती लिहिला गेला आहे. मिशनरी केव्हा आले आणि धर्मांतरे किती झाली? या मांडणीत मिशनरी हा इतिहासाचा कर्ता ठरतो आणि स्थानिक माणूस केवळ आकड्यात उरतो. वस्तुतः कोणताही धर्म एखाद्या प्रदेशात रुजतो तो भाषा, सण, अन्न आणि घर यांच्या आधारे. प्रस्तुत लेखात याच अंगांनी मराठी ख्रिस्ती परंपरेचा विचार केला आहे.

सण आणि भाषा :
'नाताळ', 'पाद्री', 'क्रूस' हे शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आले. आज त्यांचे परकेपण कोणास जाणवत नाही. फादर थॉमस स्टीफन्स (१५४९-१६१९) यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याची रचना ओवीबद्ध आहे. पुराणश्रवणाची सवय असलेल्या श्रोत्यांना ख्रिस्तजन्माची व पुनरुत्थानाची कथा त्यांच्याच परिचयाच्या छंदात ऐकावयास मिळाली. सणाचा आशय नवा असला तरी श्रवणाची रीत जुनीच राहिली.

ही परंपरा रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१-१९१९) यांनी वेगळ्या दिशेने पुढे नेली. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अभंग, भजन आणि कीर्तन या वारकरी परंपरेतील माध्यमांचा त्यांनी ख्रिस्ती उपासनेसाठी उपयोग केला. त्यांच्या दृष्टीने तुकारामांची वाणी ही ख्रिस्ताकडे जाण्याची वाट होती. पाश्चात्त्य मिशनच्या चौकटीत हा विचार पुरेसा सामावला नाही. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशन सोडले आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' पुढे लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केले.

दैनंदिन जीवन :
मराठी बायबलमध्ये येशूच्या प्रार्थनेतील अन्नासाठी 'भाकर' हा शब्द आहे. ज्वारी पिकविणाऱ्या मराठवाड्यात या एका शब्दाचे मोल मोठे आहे. तथापि भाकर कोणाच्या हातची, हा प्रश्न धर्मांतराने आपोआप सुटत नव्हता. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' (१९३४ पासून भागशः प्रकाशित) या आत्मचरित्रात सोवळे-ओवळे आणि जातिभेद यांचा मनावरील पगडा हळूहळू कसा सैल झाला, याचे प्रांजळ चित्रण आहे. धर्मांतराचा खरा इतिहास बाप्तिस्म्याच्या दिवसाइतकाच स्वयंपाकघरातही घडतो, याचा हा सबळ पुरावा होय.

मराठवाड्याचा संदर्भ :
मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील मिशनकार्याला ब्रिटिश मुलखापेक्षा वेगळा राजकीय संदर्भ लाभला. १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी पुढे जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ 'बेथेल' ही वसाहत उभी केली. या हिब्रू शब्दाचा अर्थ 'देवाचे घर' असा आहे. तेथील ख्रिस्ती मंडळी प्रामुख्याने मातंग समाजातून आलेली होती. गावकुसाबाहेर ठेवलेल्यांना 'देवाचे घर' या नावाचे गाव मिळावे, यातील सामाजिक आशय लक्षणीय आहे.

स्वातंत्र्यानंतर मात्र निराळा पेच निर्माण झाला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित राहिला. पुढे तो १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला. ख्रिस्ती दलितांना तो मिळालेला नाही. परिणामी शाळेच्या दाखल्यावर कोणता धर्म लिहावा, हा अशा कुटुंबांपुढे उपजीविकेशी निगडित प्रश्न ठरतो. म्हणून केवळ जनगणनेच्या आकड्यांवरून या समाजाचे चित्र रेखाटणे अभ्यासकाने टाळावे.

निष्कर्ष :
जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४) होते. ख्रिस्ती धर्मगुरूकडे हे पद येण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यांच्या निवडीस काही संघटनांनी धर्माच्या आधारे विरोध केला. 'ख्रिस्तपुराणा'नंतर चार शतकांनीही मराठी ख्रिस्ती लेखकाला आपले मराठीपण सिद्ध करावे लागावे, यात इतिहासलेखनाचेही अपयश आहे. लातूर जिल्हा १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता. म्हणून हा प्रश्न येथील अभ्यासकांना दूरचा नाही. नांदेड व लातूर येथील इतिहास व मराठी विभागांनी बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, गीतपुस्तके, दफनभूमीतील शिलालेख आणि वृद्धांच्या नाताळच्या आठवणी यांचे संकलन हाती घेणे अगत्याचे आहे. मौखिक साधने माणसांबरोबर नाहीशी होतात. ती नोंदविली गेली, तरच या समाजाचा इतिहास त्याच्या स्वतःच्या शब्दांत लिहिता येईल.