बखले, भास्करबुवा
(१७ ऑक्टोबर १८६९–८ एप्रिल १९२२). हिंदुस्थानी गायक व संगीतकार. जन्म बडोदा संस्थानातील कठोर गावी. बालपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत भूमिका केल्या. आवाज फुटल्यावर ते गायनाकडे वळले. फैज महंमद खाँ, नथ्थन खाँ व अल्लादिया खाँ यांच्याकडून तालीम घेतल्याने ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तिन्ही घराण्यांची गायकी त्यांच्यात एकवटली. असा योग विरळाच. १९११ मध्ये पुण्यात त्यांनी भारत गायन समाज स्थापिला. खाडिलकरांच्या स्वयंवर (१९१६) नाटकाच्या पदांना त्यांनी ख्यालाच्या बंदिशींवर बेतलेल्या चाली दिल्या. सामान्य प्रेक्षकापर्यंत रागदारी पोचवणारी हीच त्यांची श्रेष्ठ कामगिरी होय. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव व गोविंदराव टेंबे हे त्यांचे शिष्य.